बाईंनी बसायचं कुठं?

मी आणि तारा भेटलो की पहिली दहा मिनिटं गुडघ्यांची. कुठलं तेल, कुठला डॉक्टर, कोण किती पायऱ्या चढतं. मग दोघींपैकी एक म्हणते, "अगं, ते आठवतं का..." आणि ऑफिस सुरू होतं! नोकरी सुटून इतकी वर्षं झाली, पण ऑफिस काही सुटत नाही. किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. फाइली साठतात तसे ते साठतात. कुणी मागितले नाहीत, म्हणून कुणी टाकलेही नाहीत.

परवा माझी सून म्हणाली, "आई, तुम्ही त्या काळात हक्कांसाठी वगैरे भांडलात का हो?"

मी म्हटलं, "नाही गं बाई. आम्ही रेशनिंगच्या ऑफिसात होतो."

ती हसली. मग मात्र मला वाटलं, हिला जरा सांगायला हवं.

पन्नासच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. घाटकोपर स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर, एका गोदामाच्या माळ्यावर आमचं ऑफिस होतं. रेशनकार्ड नवं करून देणं, त्यावर नाव चढवणं, नाव उतरवणं, असलं काम. एका प्रौढ माणसाचं एक युनिट, पोराचं अर्धं. त्या युनिटावर घरात धान्य आणि साखर किती यायची ते ठरायचं. ऑफिसात वीस पुरुष आणि आम्ही तिघी. मी मुलुंडची, मॅट्रिक होऊन नुकतीच लागलेली. तारा परब भांडुपची, मूळची मालवणकडची, बाप गिरणीत. आणि दमयंती ओगले, आमच्या दमूताई. चाळिशीच्या, विधवा, फिकट नऊवारी, कपाळ मोकळं, आणि अक्षर असं की छापल्यासारखं.

वर साहेब म्हणून टिपणीस. माणूस वाईट नव्हता. फक्त बाईशी बोलताना ते कायम खिडकीकडे बघून बोलायचे.

*

आम्ही तिघी एकाच दिवशी हजर झालो. त्या दिवशी टिपणीस साहेब खिडकीला म्हणाले, "आता बाईंनी बसायचं कुठं?"

खुर्ची होती, टेबल होतं, प्रश्न तो नव्हता. प्रश्न असा, की आम्ही पुरुषांच्या समोर बसायचं की पाठीमागे? समोर बसलो तर त्यांचं लक्ष जाणार. पाठीमागे बसलो तर आमचं लक्ष त्यांच्यावर राहणार, तेही बरं नाही! दोन दिवस यावर विचार चालला. तोवर आम्ही तिघी काउंटरच्या टोकाला एका बाकावर बसून कामं केली.

तिसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर कोपऱ्यातल्या आमच्या टेबलाभोवती पडदा! सुतळीवर लावलेला, हिरवा, जाड कापडाचा. आत एक बल्ब. आम्ही तिघी मुकाट्यानं आत जाऊन बसलो. उकडायला लागलं. बाहेरून शिपाई फाइल आत सरकवायचा, आम्ही बाहेर सरकवायचो. हात तेवढे दिसत असणार.

दुपारी कसल्याशा सहीसाठी साहेब स्वतः आले. पडद्यापाशी उभे राहून खाकरले. ताराचं डोकं पडद्यातून बाहेर आलं. रागावली की ती मालवणीवर यायची.

"साहेबांनू, हंय बाळंतीण कोण आसा?"

साहेबांचा चेहरा कानापर्यंत लाल. संध्याकाळी पाच वाजता शिपाई शिडी घेऊन आला आणि पडदा उतरला. दुसऱ्या दिवशी आमची टेबलं सगळ्यांच्या रांगेत, खिडकीजवळ.

खिडकीजवळ का, ते पुढं कळलं. साहेबांना आमच्याशी बोलताना खिडकीकडेच बघायचं असायचं, म्हणजे आता आमच्याकडेच बघणं आलं!

*

पडद्याचं एका दिवसात निभावलं. दुसरी गोष्ट जास्त अवघड होती आणि ती बोलायची कशी हाच प्रश्न होता. ऑफिसात संडास एकच, जिन्याखाली, पुरुषांसाठी. आमच्यासाठी काहीच नाही. सकाळी साडेनऊला घर सोडायचं ते संध्याकाळी सहाला परत. पहिला महिना मी दिवसभर पाणीच प्यायले नाही. ताराचंही तेच. एकमेकींना सांगितलं मात्र नाही!

दमूताईंनीच एकदा विचारलं, "कुंदा, तू डब्याबरोबर पाणी का गं पीत नाहीस?"

मी खाली बघितलं. त्या उठल्या, रस्ता ओलांडून समोरच्या घरात गेल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या. "चल," म्हणाल्या.

समोर मणीबेन राहायच्या. एकट्याच. मुलगा आफ्रिकेत. त्यांनी मागच्या दाराची किल्लीच दमूताईंच्या हातात ठेवली होती. ओळख ना देख! तेव्हापासून आम्ही दिवसातून दोनदा रस्ता ओलांडायचो. परत येताना हातात कधी पापड, कधी पाण्याचा थंड तांब्या.

सहा महिन्यांनी साहेबांनी एक रजिस्टर काढलं. ऑफिसच्या वेळात कोण बाहेर जातं त्याची नोंद. नाव, वेळ, कारण. तारा म्हणाली, "कारण काय लिहायचं आता? बँकेत?"

दमूताईंनी दौत पुढं ओढली आणि त्या छापील अक्षरात कारणाच्या रकान्यात लिहिलं, "लघुशंका". दुपारी पुन्हा, "लघुशंका". खाली साहेबांची सही लागायची. रोज दोनदा, तिघींची मिळून सहा वेळा, साहेबांनी त्या शब्दाखाली सही केली. महिन्याअखेर मुख्य ऑफिसातून तपासणीला मोठे साहेब आले. रजिस्टर उघडलं आणि सवयीनं मोठ्यानं वाचायला लागले. दोन ओळी वाचल्या, तिसऱ्या ओळीला थांबले. चष्मा काढला.

"टिपणीस, इथं बायकांची सोय नाही?"

तीन आठवड्यांत मागच्या अंगणात पत्र्याची खोली उभी राहिली. आतून कडी. त्या कडीचा आवाज मला अजून आठवतो. आयुष्यात इतक्या मोठमोठ्या गोष्टी मिळाल्या, पण ती कडी पहिल्यांदा लावली तेव्हा मला जे वाटलं ते मी कुणाला सांगू शकणार नाही.

आम्ही आनंदानं किल्ली परत करायला गेलो. मणीबेन किल्लीकडे बघत राहिल्या. "हवे तमे नहीं आवो?" म्हणजे, आता तुम्ही येणार नाही?

किल्ली आम्ही परत घेतली. नंतरची कित्येक वर्षं दर शनिवारी अर्ध्या दिवसाचं ऑफिस सुटलं की आम्ही तिघी मणीबेनकडे. कारण काहीच नाही!

*

काउंटरवर बायका यायच्या. फॉर्मवर घरातल्या प्रत्येकाचं नाव लागायचं आणि तिथंच गाडी अडायची.

"नाव?"

"लिवा, गणपतची आई."

"ते नव्हे, तुमचं स्वतःचं."

बाई हसायची, पदर तोंडाशी धरायची, बरोबरच्या बाईकडे बघायची. आमच्या आधीचे क्लार्क 'गणपतची आई' असंच लिहून मोकळे व्हायचे. ताराला ते खपायचं नाही. "सरकार गणपतच्या आईला धान्य देत नाही, माणसाला देतं," असं ती ठणकावून सांगायची.

एक बाई मात्र खरंच विचारात पडली. म्हणाली, "कुठलं सांगू? माहेरचं का सासरचं?"

ताराने फॉर्मवरून मान वर केली. मग म्हणाली, "तुम्हाला आवडेल ते."

बाईनं इकडंतिकडं बघितलं. काउंटरवर वाकली आणि अगदी हळू म्हणाली, "चंद्रभागा." मग घाईघाईनं, "पण घरी सांगू नका हां!"

आठ दिवसांनी तिचा नवरा कार्ड नाचवत आला. पोर्टरचं काम करणारा, आडदांड गडी. "ही चंद्रभागा कोण? माझ्या घरात मी, माझी बायको लक्ष्मी, दोन पोरं. ही दुसरी बाई सरकारनं माझ्या गळ्यात मारली काय?"

रांग खदखदून हसली. तारा हसली नाही. म्हणाली, "लक्ष्मी तुम्ही लग्नात ठेवलेलं नाव. त्याआधी माहेरी तिला दुसऱ्या नावानं हाका मारत होते. ते हे."

गडी कार्डाकडे बघत राहिला. बोट लावून अक्षरं वाचली, वाचता येत होतं त्याला. मग जरा वरमून म्हणाला, "लगनात ऐकलं होतं खरं. मग इसरलो."

दुरुस्ती करून द्यायची का, म्हणून ताराने फॉर्म पुढं केला. त्यानं कार्डाची घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे."

*

पहिली निवडणूक आली तेव्हा ऑफिसात दुसरा विषय नव्हता. तेव्हा मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसायचा. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर त्याची खूण. आपला कागद आत जाऊन हव्या त्या पेटीत टाकायचा. आत दुसरं कुणी नाही.

टिपणीस साहेबांनी आठवडाभर घरी बायकोची तयारी करून घेतली होती. खूण कुठली, पेटी कशी ओळखायची, घाबरायचं नाही. मतदानाच्या दिवशी तिला मुलुंडच्या शाळेपर्यंत घेऊन गेले, स्वतः पुरुषांच्या रांगेत, ती बायकांच्या. दोघं बाहेर आले. साहेबांनी विचारलं, "बरोबर टाकलंस ना?"

काकू म्हणाल्या, "ते सांगायचं नसतं."

"अगं, मला सांगायचं नसतं असं नाही!"

"आतल्या साहेबांनी सांगितलं, कुणालाच नाही."

हे सगळं साहेबांनीच दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं, कारण त्यांना राहवेना. चार दिवस त्यांचं कामात लक्ष नव्हतं. जेवताना म्हणे काकू मजेत वाढत असत, आणि साहेब त्यांच्या चेहऱ्याकडे बघत असत. शेवटी ते दमूताईंच्या टेबलापाशी आले. अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "ओगलेबाई, तुम्ही ते नियम वाचलेत. नवऱ्याला काही सूट आहे का हो त्यात?"

"आहे ना साहेब," दमूताई म्हणाल्या. "नवऱ्यानंही आपलं मत बायकोला सांगायची गरज नाही."

पुष्कळ वर्षांनी साहेब रिटायर झाले तेव्हा निरोपसमारंभाला काकू आल्या होत्या. चहाच्या वेळी मी धीर करून विचारलंच, "काकू, आता सांगा ना. कुठल्या पेटीत टाकलंत तेव्हा?"

काकूंनी साहेब लांब आहेत ना ते बघून घेतलं. म्हणाल्या, "अगं, त्यांनी सांगितलं होतं त्याच पेटीत. पण ते सांगायचं कशाला?"

*

स्टेशनजवळ एक इराणी होता. पुरुष मंडळी चार वाजता उठून तिकडं जायची. आम्ही टेबलावरच थर्मासमधला कोमट चहा प्यायचो. एका चार वाजता तारा म्हणाली, "आज आपण जायचं."

मी म्हटलं, "वेडी आहेस का! कुणी बघितलं तर?"

"बघितलं तर बघितलं. चहाच पितोय ना?"

आम्ही दमूताईंकडे बघितलं. हॉटेलात त्यांनी पाऊलच ठेवलं नव्हतं कधी. त्यात विधवा, त्यात ब्राह्मण. त्या नाही म्हणणार, म्हणजे आपोआप बेत बारगळणार, असं मी मनात धरूनच चालले होते. दमूताईंनी पेनाचं टोपण लावलं आणि चपला घातल्या.

आत शिरलो तर जवळजवळ सगळी टेबलं पुरुषांनी भरलेली. बोलणी थांबली. बश्यांत ओतलेला चहा तसाच राहिला. आमच्या ऑफिसातले दोघं कोपऱ्यात होते, ते पेपराआड गेले. गल्ल्यावरचा इराणी भला माणूस. त्यानं पाठीमागं बोट दाखवलं. तिथं लाकडी फळ्यांचे कप्पे होते, दाराला पडदे. "बाई लोग, फॅमिली रूम उधर है."

मी वळलेच होते. दमूताई मात्र समोरच्या रिकाम्या टेबलाची खुर्ची ओढून बसल्या. नऊवारीचा पदर सारखा केला आणि आयुष्यात पहिल्यांदाच हिंदी बोलल्या असाव्यात.

"फॅमिली घर पे है. हम ऑफिस से आया है."

इराण्यानं एकदा आमच्याकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे. मग आत ओरडला, "तीन चाय, ऑफिसवाले के लिए!"

परत येताना दमूताई पुढं चालत होत्या. जिना चढता चढता एवढंच म्हणाल्या, "बिस्किट बुडवून खाल्लं की बरं लागतं."

*

हा किस्सा हसण्यासारखा आहे की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

एक गृहस्थ आले. चाळीस-पंचेचाळीसचे, धोतर, काळा कोट. म्हणाले, "कार्डावर एक युनिट वाढवायचं आहे. लग्न करतोय."

काउंटरवर मी होते. कार्ड बघितलं. बायकोचं नाव आधीच होतं. मी विचारलं, "ह्या वारल्या का?"

"छे, छे! आहे की. मूलबाळ नाही, म्हणून ही दुसरी. सोमवारी लग्न आहे. म्हटलं, साखरेचं आधीच बघावं."

मी गडबडून कार्ड साहेबांकडे नेलं. आपल्या प्रांतात दोन बायका करायला कायद्यानं बंदी येऊन काही वर्षं झाली होती. पण कायदा आहे म्हणून कुणाला अडवल्याचं आम्ही पाहिलं नव्हतं. आणि टिपणीस साहेब तर भांडणाला भिणारा माणूस. ते कार्ड हातात घेऊन स्वतः काउंटरवर आले.

"दुसरी बायको लिहायला फॉर्मात जागा नाही."

गृहस्थ हसले, डोळा बारीक केला. "साहेब, तुम्ही जाणते आहात. मग बहीण म्हणून लिहा!"

"लिहितो," साहेब म्हणाले. "आणि सोमवारी जाऊन तिच्याकडून राखी बांधून घ्या."

ह्यावर आम्ही सगळे हसलो. साहेब हसले नाहीत. त्यांनी दाराकडे बघितलं, म्हणून आम्हीही बघितलं. दारात एक म्हातारा आणि सतराएक वर्षांची पोरगी उभी होती. हातात नव्या हिरव्या बांगड्या. तीच ती. कार्डावर नाव चढलेलं आपल्या डोळ्यांनी बघायचं, म्हणून बाप गावाहून तिला घेऊन बरोबर आला होता. त्याला वाटत होतं, सरकारच्या कागदावर नाव लागलं की पोरीचं पक्कं झालं.

दमूताई उठून त्यांच्यापाशी गेल्या. पोरीला म्हणाल्या, "बाळ, ह्या घरात तुझं नाव कुठंच लिहिता येत नाही. हे लग्न कायद्यात बसत नाही. उद्या ह्यांनी तुला बाहेर काढलं, तर दाखवायला तुझ्याकडे काहीही नसेल."

म्हातारा मटकन खाली बसला. गृहस्थ काउंटरपासून ओरडत होते, "बाई, तुम्हाला काय करायचंय? तुमचं काम करा!" दमूताई म्हणाल्या, "हेच करतेय."

पोरगी बापाकडे वळली. आम्हाला वाटलं, आता रडणार. तिनं बापाच्या दंडाला धरून त्याला उठवलं.

"बा, चल. चारची गाडी मिळंल."

*

ताराला बघायला येणार होते तेव्हाची गोष्ट. बाप म्हणे, "नोकरी सोडशील असा सांग त्यांका." तारा म्हणे, "विचारलं तर खरं ते सांगीन." घरात आठवडाभर धुसफुस.

त्याच आठवड्यात ऑफिसात एक करड्या केसांचे गृहस्थ आले. रांगेत पंचवीस माणसं. हे सरळ पुढं आले आणि काउंटरवर टोपी ठेवली. तारा म्हणाली, "मागे उभे राहा."

"अगो, मी म्हातारो माणूस."

"तुमच्यापुढे ती आजी आहे, ती तुमच्याहून म्हातारी. मागे."

दोन तासांनी त्यांचा नंबर आला. ताराने फॉर्म बघितला. सही राहिली होती. "घरी जाऊन सही करून आणा. कुटुंबप्रमुखाचीच लागते." गृहस्थ टोपी उचलून गेले.

रविवारी ताराच्या घरी पाहुणे आले. ती पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि जागच्या जागी थबकली. मधोमध तेच बसलेले! मुलाचे मामा. मुलगी कामावर कशी वागते ते बघायला मुद्दाम येऊन गेले होते.

मग मामा पाहुण्यांना म्हणाले, "ह्या चेडवान माका दोन तास उभो केल्यान." चेडू म्हणजे पोरगी.

ताराच्या बापानं कपाळावर हात मारला. ताराने बशी मामांच्या पुढ्यात ठेवली.

"आज बसा हां, मामांनू."

खोलीत एकच माणूस मोठ्यानं हसला. तो मुलगा. पुढं त्याच्याशीच तिचं लग्न झालं. नोकरी सोडायचा विषय त्या दिवशी कुणी काढला नाही, आणि नंतर काढायची सोय राहिली नाही.

*

आता दमूताईंचं सांगते. त्या आता नाहीत.

नवरा गेला तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या. तेव्हापासून मुलुंडला दिराकडे. पहाटे उठून सगळ्यांचा स्वयंपाक, मग ऑफिस, मग पुन्हा स्वयंपाक. रेशनच्या दुकानात रांगेतही त्याच उभ्या राहायच्या. वाईट वागवत होते असं नाही म्हणता येणार. मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. फक्त त्या घरात त्यांचं काही नव्हतं. झोपायची जागासुद्धा पाहुणे आले की बदलायची.

एका दुपारी त्यांनी कपाटातून कोरा फॉर्म काढला, भरला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. स्वतंत्र कार्डासाठी अर्ज. कुटुंबप्रमुख, दमयंती ओगले. कुटुंबातली माणसं, एक. पत्ता, नाहूर. नाहूरला तेव्हा स्टेशन नव्हतं, शेतं होती आणि थोडी घरं. मुलुंडहून चालत जावं लागायचं. तिथं त्यांनी एक खोली बघितली होती. आम्हालाही सांगितलं नव्हतं.

साहेबांनी फॉर्म दोनदा वाचला. "ओगलेबाई, एका माणसाचं कुटुंब?"

"नियमात बसतं साहेब. मी बघितलंय."

"ते बसतं हो. पण लोक..." आणि ते थांबले. मग त्यांनी सही केली. खिडकीकडे न बघता, दमूताईंकडे बघून म्हणाले, "कडीकोयंडा नीट आहे ना खोलीचा? नसला तर सांगा, आमच्या ओळखीचा सुतार आहे."

चार दिवसांनी दीर ऑफिसात आले. आम्हाला वाटलं, आता अब्रूबिब्रू काढणार. आम्ही दोघी दमूताईंच्या खुर्चीमागे जाऊन उभ्याच राहिलो. दीर काउंटरवर वाकून म्हणाले, "वहिनी, हे काय? तुमचं नाव उतरलं, तर आमची साखर कमी झाली!"

दमूताई त्यांच्याकडे बघत राहिल्या. आणखी काही म्हणतील म्हणून थांबल्या असाव्यात. दीर आणखी काही म्हणाले नाहीत. दमूताईंनी खाली बघून पुढचा फॉर्म घेतला.

"पुढचं कोण आहे?"

पुढच्या रविवारी त्यांनी आम्हा दोघींना खोलीवर बोलावलं. एक खाट, एक स्टोव्ह, खिडकीत तुळस, भिंतीवर काहीच नाही. दारात आम्ही चपला काढल्या तर म्हणाल्या, "आत घेऊन आलात तरी चालेल गं, माझीच खोली आहे." मग स्वतःच हसल्या. चहा केला. कप तीनच होते, तिन्ही वेगवेगळे. मधे साखरेचा डबा ठेवला, नव्या कार्डावरची पहिली साखर.

ताराने आपल्या कपात दोन चमचे घातले, माझ्यात एक. मग चमचा भरून दमूताईंच्या कपावर धरला.

"दमूताई, तुम्हाला किती?"

आधी वाटलं, ऐकू गेलं नाही. त्या कपाकडे बघत होत्या. मग त्यांनी ताराच्या हातातून चमचा काढून घेतला आणि डबा आपल्याकडे ओढला.

"थांब जरा," म्हणाल्या. "मला ठरवू दे."